सातची रिंग

माझ्याकडे कामाचे दोन फोन आहेत आणि दोन्हींत वेगवेगळ्या कंपन्यांची कार्डं आहेत. एकाची रेंज गेली तर दुसऱ्याची असावी, एवढंच त्यामागचं कारण. सांगलीहून कऱ्हाडमार्गे कोयनानगरकडे जाताना कुठल्या वळणावर कुठलं कार्ड मुकं होतं, हे मला तोंडपाठ आहे. अशा वळणाच्या अलीकडे मी ड्रायव्हरला गाडी थांबवायला लावते, बोलणं पुरं करते आणि मगच पुढे जाऊ देते. तो बिचारा खाली उतरून तंबाखू मळत उभा राहतो. त्याला आता सवय झाली आहे.

मी सांगलीजवळच्या एका दूध डेअरीची जनरल मॅनेजर आहे. दूध पहाटे येतं आणि संध्याकाळी येतं, वर्षाचे सगळे दिवस. म्हशीला रविवार कळत नाही आणि दिवाळीही कळत नाही. साताऱ्याच्या पाटण भागापासून ते सांगलीच्या टोकाला जतपर्यंत आमची केंद्रं पसरली आहेत. तिथे गावोगावचं दूध गोळा होतं, थंड केलं जातं आणि टँकरने आमच्याकडे येतं. पहाटे साडेचारला उठून मी आधी फोन बघते, मग तोंड धुते. दात घासताना फोन स्पीकरवर असतो. कुठे दूध किती आलं, गार किती झालं, टँकर कुठवर पोचला. हे सगळं वेळेत कळलं तर दिवस सरळ जातो. नाही कळलं तर मी दिवसभर कुणाच्या तरी अंगावर ओरडत असते. माझा स्वभाव तापट आहे, हे मला कुणी सांगायची गरज नाही.

या वेडाला एक कारण घडलं होतं. मी नवीनच खुर्चीवर बसले होते तेव्हा एका उन्हाळ्यात जतच्या केंद्रावर वीज गेली. जनरेटर सुरूच होईना. तिथला माणूस मला कळवायला फोन घेऊन माळावर रेंज शोधत फिरला. त्याला रेंज सापडली तोवर दूध हातचं गेलं होतं. दुसऱ्या दिवशी मी तिथे गेले तेव्हा ते सगळं दूध ओढ्यात सोडत होते. शेजारच्या वस्तीवर पाण्याच्या टँकरपाशी बायका घागरी घेऊन उभ्या होत्या आणि आमच्याकडे बघत होत्या. त्यातली एक कानडीत काहीतरी बोलली. मला अर्थ कळला नाही, पण मी कुणाला विचारलाही नाही. त्या दिवसापासून रेंज म्हणजे माझा जीव की प्राण झाली. प्रत्येक केंद्रावर दोन कंपन्यांचे फोन ठेवले, खबर द्यायच्या वेळा ठरवल्या, आणि एक मिनिट उशीर झाला तरी मी स्वतः फोन लावून झाडायची.

आता आईबद्दल सांगते.

आई आमच्या गावी एकटी राहायची, पाटणच्या पुढे, कोयनेच्या अंगाला. वडील फौजेत होते. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. मी एकुलती एक. लग्न केलं नाही, त्यामुळे आईच्या काळजीचं सगळं ओझं माझ्या एकटीच्या डोक्यावर, आणि माझ्या काळजीचं तिच्या.

वडील नोकरीत असताना महिन्याला त्यांचं पत्र यायचं. आईला वाचता येत नव्हतं. पत्र आलं की ती आधी पत्त्याचं अक्षर निरखून बघायची. वडील अक्षराला जाड हाताचे, प्रत्येक शब्दाच्या शेवटी रेघ खाली ओढायचे. ती रेघ दिसली की आई पत्र बाजूला ठेवून भाकरी थापायला बसायची. मजकूर मग कुणीतरी सवडीने वाचून दाखवायचं. मी लहान असताना एकदा पत्र आलं. मजकूर नेहमीचाच, इकडे सर्व ठीक, काळजी करू नये. गुरुजींनी वाचून दाखवलं. पण आईने ते आधीच ओळखलं होतं. "अक्षार त्यांचं न्हाई," एवढंच म्हणाली आणि चुलीपुढे बसून राहिली. दोन दिवस जेवली नाही. शेवटी चुलते कऱ्हाडला जाऊन फोन लावून आले, तेव्हा कळलं की वडिलांचा उजवा हात मोडला होता आणि मिलिटरीच्या दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या माणसाकडून त्यांनी पत्र लिहून घेतलं होतं.

मी नोकरीसाठी सांगलीला आले तेव्हा पत्रांचे दिवस संपले होते, पण गावात रेंज नव्हती. वरच्या एसटी थांब्यापाशी तेवढ्या दोन-तीन काड्या यायच्या. आई रोज संध्याकाळी बटणांचा फोन घेऊन थांब्यावर जाऊन बसायची. सात वाजता मी एक रिंग द्यायची. ती उचलायची नाही. मग ती एक रिंग द्यायची, मी उचलायची नाही. मी बरी आहे, तूही बरी अस, एवढाच त्याचा अर्थ. मिस कॉलची ही रीत आमच्याकडे घरोघरी असते. बोलायचं ते रविवारी, गाडीत, दहा मिनिटं.

पुढे गावाच्या वरच्या अंगाला टॉवर झाला. घरात बसल्या बसल्या रेंज यायला लागली. मला कोण आनंद झाला. मी आईला मोठा, काचेचा फोन घेऊन दिला. तिचा चेहरा बघून बोलता येईल, असं म्हणाले होते. माझा फोटो त्यात लावून दिला, म्हणजे मी फोन केला की तिला काचेवर मी दिसेन. जुना बटणांचा फोन मी कपाटावर टाकून दिला. चेहरा बघून बोलणं पहिल्या महिन्यात चार वेळा झालं. नंतर मला तेवढी सवड राहिली नाही.

सातची रिंग मात्र चालूच होती, आणि खरं सांगायचं तर ती माझ्या जिवावर यायला लागली होती. सात म्हणजे ऐन संध्याकाळच्या संकलनाची वेळ. चहूकडून फोन येत असायचे. त्यात आठवणीने घरचा वेगळा फोन काढायचा, आईचा नंबर लावायचा. मी अर्धी रिंग गेली की तोडायची आणि परत कामाला लागायची. कधी तिची रिंग नको त्या वेळी वाजायची, तर "कळलं, कळलं" असं मी त्या फोनवरच खेकसायची.

एकदा सात वाजता मी संचालकांच्या बैठकीत होते. फोन बंद करून ठेवला होता. साडेसातला आईने घाबरून डेअरीच्या नंबरावर फोन लावला. गेटवरच्या माणसाने बैठकीच्या खोलीत येऊन सगळ्यांसमोर सांगितलं, "मॅडम, तुमच्या आई रडायला लागल्यात." संचालक हसले. त्यातले एक जण म्हणाले, "जा बाई, आईला सांगून या, मुलगी हरवली नाही म्हणून." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या रात्री मी आईला फार बोलले. काय बोलले ते लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी मी घरचा फोन ऑफिसातल्या अण्णांच्या ताब्यात दिला. अण्णा आमचे जुने क्लार्क, निवृत्तीला आलेले, सरळमार्गी आणि घड्याळासारखे. त्यांना सांगितलं, "सात वाजले की आईला एक रिंग द्यायची. तिकडून रिंग आली की उचलायची नाही. मला फक्त कळवायचं." अण्णांनी मान डोलावली. नियमाचं काम मिळालं की ते खूश असतात.

तेव्हापासून रोज सात वाजून गेले की माझ्या कामाच्या फोनवर अण्णांचा मेसेज यायचा. सगळ्या केंद्रांची खबर ते एकाच ओळीत द्यायचे. पाटण ओके, कडेगाव ओके, जत ओके, आई ओके. मी ओळीच्या शेवटी नजर टाकायची आणि मला हायसं वाटायचं. मी अण्णांचं कौतुकही केलं. काम वाटून दिलं की कसं सुरळीत चालतं, हे मी हाताखालच्या लोकांना सांगायची आणि उदाहरण म्हणून मनात हेच असायचं.

असं दीड वर्ष चाललं. माझी गाडी कधी विट्याला, कधी कडेगावला, कधी साताऱ्याला. मी जिथे असेन तिथे ती ओळ पोचायची. रेंज आता बहुतेक सगळीकडे होती. रविवारी आईशी बोलणं व्हायचं. "कशी आहेस?" "बरी हाय." "जेवलीस?" "व्हय." "औषध घेतेस ना बीपीचं?" "घेती की." तेवढ्यात दुसरा फोन वाजायचा. "ठेव, ठेव, कामाचा असंल," असं तीच म्हणायची.

त्या वर्षीच्या दिवाळीत मी अर्धा दिवस गावी गेले होते. आईने चहा केला. ओतताना निम्मा चहा कपाबाहेर गेला, बशीतून फरशीवर ओघळला. मी म्हणाले, "अगं लक्ष कुठे आहे तुझं?" ती हसली आणि फडकं शोधायला लागली. फडकं तिच्या पायाशीच होतं. ती हाताने जमीन चाचपत होती. मी ते बघितलं. बघितलं आणि त्याच क्षणी कडेगावहून फोन आला, म्हणून मी अंगणात गेले. अंगणात आता पूर्ण काड्या होत्या. मी पाऊण तास बोलत होते. परत आत आले तेव्हा फरशी पुसलेली होती, आणि चहा सांडला होता हेच माझ्या डोक्यातून गेलं होतं.

होळी झाल्यावर मी पाटणच्या केंद्रावर तपासणीला गेले. काम लवकर उरकलं. मनात आलं, आईला न सांगता जाऊन उभं राहावं. असं मी कधी करत नाही. ड्रायव्हरने गाडी थांब्यापाशी लावली आणि मी चालत घराकडे गेले. सात वाजायला आले होते. अजून उजेड होता. आई उंबऱ्यावर बसली होती, फोन मांडीवर, तोंड रस्त्याकडे. घरात दिवा लावलेला नव्हता.

मी अंगणात तिच्यासमोर पाच हातांवर जाऊन उभी राहिले. तिने माझ्याकडे सरळ बघितलं.

"आलीस व्हय गं?" ती म्हणाली. "सात वाजलं न्हवं?"

मला वाटलं ती माझी थट्टा करते आहे. मी काही बोलणार तोच तिच्या मांडीवरचा फोन वाजायला लागला. काचेवर माझा फोटो उजळला. सांगलीहून अण्णा रिंग देत होते. एकदा वाजलं, दोनदा वाजलं, तिसऱ्यांदा वाजलं आणि थांबलं. आईने फोन उचलून माझ्या दिशेने हवेत धरला, माझ्यापासून थोडा बाजूला.

"घे," ती म्हणाली, "दे परत एक."

मी फोन हातात घेतला. का ते मला आजही सांगता येत नाही, पण मी माझ्याच नावावर बोट ठेवलं. रिंग गेली. मी तोडली. आणि मिनिटभराने माझ्या पर्समधला कामाचा फोन थरथरला. मी काढून बघितला. पाटण ओके, कडेगाव ओके, जत ओके, आई ओके.

मागून शेजारच्या वहिनी पदराला हात पुसत लगबगीने आल्या आणि मला बघून जागच्या जागी थबकल्या. "अगो बया, ताई! तुमी कवा आलासा?"

आईची मान त्या आवाजाकडे वळली, मग परत माझ्याकडे. "कोन?" ती म्हणाली. "माझी बाय हाय का काय?" तिने हात पुढे केले. मी खाली बसले. तिने माझं तोंड, कपाळ, कान हाताने बघितले. "वाळलीस की गं," असं म्हणाली. मी तिच्या मांडीत डोकं घालून रडले. लहानपणीही कधी अशी रडले नव्हते.

वहिनींनी मग सगळं सांगितलं.

"लय दिस झालं ताई. पैलं कडंचं दिसंना. दाराला धडकायच्या, म्हनायच्या अंधार हाय. मग त्यो तुमचा फोन. जुन्या फोनाची बटनं हाताला लागायची, ह्यो सगळा गुळगुळीत. काचंवर बोटं घासत बसायच्या, तुमचं नाव घावायचं न्हाई. मग मला हाक मारायला लागल्या. रविवारी तुमचा फोन बी मीच उचलून हातात द्यायची. म्या म्हनलं ताईस्नी सांगू. तर शपथ घातली मला. तिला लय कामं असत्यात, म्हनाल्या. रिंग गेली म्हंजी झालं."

"किती दिवस झाले वहिनी?" मी विचारलं.

त्यांनी बोटांवर मोजलं. "दिवाळीच्या आदीपास्नं. नवरात्रात बी मीच देत हुते."

म्हणजे सहा महिने अण्णा माझ्या नावाने रिंग देत होते आणि वहिनी आईच्या नावाने. दोघांनी एकमेकांना कधी बघितलेलंही नव्हतं. ती दोघं रोज सात वाजता एकमेकांना सांगत होती की सगळं ठीक आहे, आणि त्या भरवशावर मी रात्री झोपत होते.

दुसऱ्या दिवशी मी आईला मिरजेला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. काचबिंदू. डॉक्टर तरुण होते, बोलायला बरे होते. त्यांनी आईला बाहेर बसवलं आणि मला सांगितलं की गेलेली नजर परत येत नाही. उजवा डोळा पूर्ण गेला आहे, डाव्याला उजेड-अंधार तेवढा कळतो, आणि तोही किती दिवस राहील ते सांगता येत नाही. मी विचारलं, आधी आणलं असतं तर? ते म्हणाले, "दिवाळीच्या सुमाराला आणलं असतंत तर डावा डोळा बहुतेक राखता आला असता." त्यांनी सहज सांगितलं. दिवाळीला मी तिथे होते, माझ्या डोळ्यांदेखत चहा सांडला होता, हे त्यांना कुठून माहीत असणार?

आईला मी सांगलीला माझ्या फ्लॅटवर आणलं. तिला ते घर परकं आहे. भिंतीला हात लावत फिरते, संडासाचं दार सापडलं नाही की लाजते. मी आठवडाभर रजा काढली. इतक्या वर्षांतली पहिलीच. फोन मात्र चालू होते, दोन्ही.

त्या आठवड्यात एका संध्याकाळी मी तिच्या डोळ्यांत औषध घालत होते. सात वाजून गेले होते. आज कुणी कुणाला रिंग द्यायची नव्हती. आणि मला एकदम लक्षात आलं की त्या दिवशी अंगणात, मी समोर बसलेली असताना, आईने एक गोष्ट विचारली नव्हती. मी इथे आहे तर मघाची रिंग कुणी दिली, असं तिने विचारायला हवं होतं.

"आई," मी म्हणाले, "तुला माहीत होतं? रिंग मी देत नव्हते ते?"

"व्हय की."

"कधीपासून?"

"पैल्या दिसापास्नं." तिने डोळे मिटूनच घेतले होते, औषध आत राहावं म्हणून. "तुजी रिंग मला ठावं न्हाई व्हय? तू वाजलं न वाजलं तोवर तोडायचीस. लय घाई तुजी. ह्यो मानूस तीन डाव वाजू द्यायचा. रोज तीन. चांगला असंल बिचारा."

माझ्या हातात ड्रॉपर तसाच होता. मी म्हणाले, "मग तू बोलली का नाहीस? वडिलांच्या पत्राच्या वेळी दोन दिवस जेवली नव्हतीस. मला का नाही विचारलंस?"

"काय इचारू?" ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते, मला ते येतं. "त्यांचा हात मोडला हुता म्हनून दुसऱ्यानं लिवलं. तुजा काय हात मोडला न्हवता. रविवारी बोलत हुतीस की. म्हनलं, तिला येळ न्हाई, तिनं मानूस लावलाय." तिने पदराने गालावर ओघळलेलं औषध पुसलं. "मग मला बी दिसंना झालं, तवा म्या बी मानूस लावलं."

टेबलावर माझा फोन वाजायला लागला. आईने आवाजाच्या दिशेने मान वळवली.

"घे," ती म्हणाली, "कामाचा असंल."

जतहून होता. पूर्ण रेंज होती. मी उचलला.